जुन्या भयकथा आजच्या मुलांपुढे वाचाव्यात का?

कागलजवळच्या एका शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांचा प्रश्न आहे. पावसाळ्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी जुन्या भयकथांचं वाचन ठेवायचं त्यांच्या मनात आहे. तयारी म्हणून त्यांनी नारायण धारप, रत्नाकर मतकरी आणि 'ड्रॅक्युला'चा अनुवाद पुन्हा वाचला. शाळकरी वयात ज्या पानांनी झोप उडवली होती, त्यातली बरीच आता सपाट वाटली. मुलं तर सरळ हसतील, असं त्यांना वाटतं. या कथांचा काळ सरला का, की तेव्हाचे वाचकच भोळे होते, असं ते विचारतात. शिवाय एका पालकांनी त्यांना अडवून म्हटलं, की ज्या कोल्हापुरात कॉम्रेड पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथल्या शाळेत भुताखेतांच्या गोष्टी कशाला?

सर, वाचन जरूर ठेवा. मुलं हसतील ही धास्ती रास्त आहे, पण ती कुठे हसतील हे आधी ओळखता येतं आणि ते ओळखलं की निवड सोपी होते. मी कोल्हापुरात कथांचं अभिवाचन करते. पेठेतल्या तालमीच्या वरच्या खोलीत, महिला मंडळात, वसतिगृहात, ग्रंथालयाच्या सभागृहात, जिथे बोलावतील तिथे जाते. भयकथा हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रकार. श्रोते कुठे सावरून बसतात आणि कुठे खिशातून मोबाइल काढतात, हे समोर बसून बरीच वर्षं पाहत आले आहे. त्यावरून सांगते.

आधी भोळेपणाचं. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी 1764 ची. इंग्रजी भयकादंबरीची सुरुवात तिच्यापासून धरतात. तिच्यात लग्नाच्या दिवशी एक अजस्र शिरस्त्राण वरून कोसळतं आणि नवरामुलगा त्याखाली चिरडून मरतो. आज हा प्रसंग वाचला की हसू आवरत नाही. पण हे हसू आजचं नाही. क्लारा रीव्ह या लेखिकेने 1778 मध्ये आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नेमकी हीच तक्रार केली. एवढी मोठी तलवार, एवढं मोठं शिरस्त्राण, चौकटीतून उतरून चालू लागणारं चित्र, असा सगळा अतिरेक झाला की भीतीच्या जागी हसू येतं, असा तिचा मुद्दा. म्हणजे चौदा वर्षांत ती भीती विटली होती, आणि तेव्हा घराघरांत मेणबत्त्याच जळत होत्या. अंधार भरपूर होता, शिक्षण कमी होतं, तरीही लोक हसलेच. तेव्हा जुन्या वाचकांना घाबरवणं सोपं होतं, ही समजूत सोडून द्यावी.

माझा अनुभव असा आहे की भयकथेतल्या माणसाला काहीतरी हवं असतं, आणि ते हवं असणं आपल्याला पटत असेल, तोवर कथा जुनी होत नाही. लेखकाने सगळा भार त्या अमानवी गोष्टीच्या रंगरूपावर टाकला असेल, तर मात्र तिची पकड फार लवकर सुटते. धारप, मतकरी, परदेशी लेखक, सगळ्यांना मी हाच निकष लावते, आणि एकाच लेखकाच्या दोन कथांचे निकाल वेगवेगळे लागतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ'. 1902 ची कथा. एका सामान्य इंग्रज घरात लष्करातला एक जुना मित्र येतो आणि वाळलेला माकडाचा पंजा दाखवतो. तो हिंदुस्थानातून आणलेला आहे, एका फकिराने मंतरलेला, तीन इच्छा पुऱ्या करणारा. म्हातारा घराचं देणं फेडायला दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर यंत्रात सापडून मरतो आणि कारखान्याचा माणूस घरी येऊन सांगतो, की कंपनी कुठलीही जबाबदारी मान्य करत नाही, तरी मुलाच्या नोकरीचा विचार करून भरपाई देत आहे. रक्कम दोनशे पौंड.

ही कथा मी तालमीत पहिल्यांदा वाचली तेव्हा समोर बसलेल्यांत निम्मे लोक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, फौंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये काम करणारे होते. 1902 च्या लंडनच्या वाचकाला यातला हिंदुस्थान गूढ वाटत असणार. फकीर, मंत्र, दूरचा देश, एवढ्यावरच त्याच्या अंगावर काटा येत असेल. आमच्या श्रोत्यांवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. फकीर म्हटल्यावर दोघे-तिघे गालातल्या गालात हसले. पण कंपनीचा माणूस दारात उभा राहून खाकरला आणि पुढचं वाक्य बोलायला अडखळला, तिथे खोली एकदम गप्प झाली. तो प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागला नाही. नंतर चहा घेताना एकजण माझ्याजवळ आला, भीतीबद्दल काहीच बोलला नाही, त्याने एवढंच विचारलं, "ताई, दोनशे म्हणजे तेव्हाचे किती हो?"

पुढे ती आई पंजाकडून मुलगा परत मागते. दहा दिवस झालेत, देह यंत्रात चिरडलेला आहे, हे बापाला माहीत आहे, आईलाही माहीत आहे, पण तिला त्याची पर्वा नाही. रात्री दारावर थाप पडते. ती कडी काढायला धावते, खालची कडी निघते, वरच्या कडीला हात पुरत नाही म्हणून ती खुर्ची ओढते, आणि म्हातारा अंधारात जमिनीवर पंजा चाचपडतोय. शेवट आज सगळ्यांना ठाऊक असतो. या कथेच्या इतक्या नकला झाल्या आहेत, की मूळ न वाचलेल्यालाही तिसरी इच्छा कुठली ते सांगता येतं. तरीही ती दर वेळी लागू पडते. कारण दाराबाहेर काय आहे याची भीती आपल्याला वाटतच नाही. आईला होणाऱ्या आनंदाची भीती वाटते. जेकब्सने दाराबाहेरचं एका शब्दानेही दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर ती कथा केव्हाच त्या शिरस्त्राणाच्या वाटेने गेली असती.

आता तुम्ही वाचलेल्या 'ड्रॅक्युला'कडे येते. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी 1897 ची, आणि ती सपाट वाटली असं तुम्ही लिहिलंत ते अर्धं बरोबर आहे. सुरुवातीची चार प्रकरणं, म्हणजे जोनाथन हार्करची किल्ल्यातली डायरी, आजही काढून वाचावीत अशी आहेत. दाढी करताना आरशात मागे उभा असलेला यजमान दिसत नाही, खिडकीतून पाहावं तर तो भिंतीवरून डोकं खाली करून पालीसारखा सरकतोय, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे घरात नोकरच नाहीत आणि अंथरूण घालणारा, ताट मांडणारा तोच आहे हे हार्करला कळतं, तो क्षण. परगावी नोकरीनिमित्त गेलेला तरुण, परतीची तारीख त्याच्या हातात राहिलेली नाही, घरी पाठवायची पत्रंसुद्धा मालक सांगेल त्या तारखांची लिहावी लागतात. हे आजच्या मुलांना फार जवळचं वाटतं. बाहेरगावी कामाला नेऊन पासपोर्ट काढून घेतल्याच्या बातम्या ती वाचतात.

मधला भाग मात्र चालत नाही. ड्रॅक्युलाच्या मागे लागलेल्या व्हॅन हेल्सिंग या डॉक्टरची लांबलचक भाषणं मुलांपुढे वाचायचा विचारही करू नका. ड्रॅक्युलाने जिचं रक्त शोषलं त्या लुसीला चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त देतात, तो भाग मी एकदा नर्सिंगच्या मुलींपुढे वाचत होते. त्यांनी तिथेच थांबवलं. रक्तगट तपासला का, हा त्यांचा पहिला प्रश्न. लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध जाहीर केला 1901 मध्ये, कादंबरीनंतर चार वर्षांनी. स्टोकरच्या वाचकांना त्या प्रसंगात पुरुषांचा त्याग दिसत होता, या मुलींना त्यात लुसीच्या मरणाचं कारण दिसलं. मला ती चर्चा अतिशय आवडली, पण कथेची पकड तिथे संपली हेही खरं. आणखी एक गोष्ट. ड्रॅक्युला कोण आहे हे कादंबरीतल्या हार्करला, लुसीला सुरुवातीला माहीत नाही आणि आज पाचवीतल्या पोराला माहीत आहे. रहस्यावर उभी असलेली सगळी पानं त्यामुळे आपोआप ढिली पडतात. वाट पाहण्यावर उभी असलेली पानं टिकतात.

धारपांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण तुमचा जीव त्यांच्यात अडकलेला दिसतो, आणि माझाही आहे. 1925 ते 2008 हा त्यांचा काळ. मराठीत भयकथा घरोघर नेली ती त्यांनी. आमच्याकडच्या फिरत्या वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पानं सुटून पुन्हा बांधलेली असायची. त्यांनी परदेशी कथाबीजं मोकळेपणाने घेतली, स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' आली, आणि ती इथल्या मातीत बसवताना त्यांनी जे काम केलं त्याचं मोल आपण कमी करतो. पण त्यांचं सगळं सारखं टिकलेलं नाही. ज्या कथांत एक समर्थ पुरुष येतो, त्याला सगळं ठाऊक असतं, तो काही विधी करतो आणि अरिष्ट टळतं, त्या आज बसून ऐकवत नाहीत. तो आला की श्रोता निवांत होतो. माणसाच्या हातात काही उरलेलं नाही ही भीती तिथे संपते आणि उरतो तो शक्तीचा सामना. शिवाय त्या काळच्या वळणाने मिती, लहरी, कंपनं असे शास्त्रीय वाटणारे खुलासे येतात. विज्ञान शाखेची मुलं ते वाचून थेट हात वर करतात.

याउलट धारपांची 'आजी' घ्या. मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी, एवढाच ऐवज. तीही किंगच्या एका कथेवर बेतलेली. 2018 च्या 'तुंबाड' चित्रपटातला आजीचा भाग तिच्यावरून आला. तो चित्रपट 2024 च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, आणि ती गर्दी तुमच्या-माझ्या वयाची नव्हती, कॉलेजातल्या मुलामुलींची होती. त्यांना त्यातला राक्षस आवडला असेल, पण बोलताना ती हावरटपणाबद्दल बोलत होती, एका नाण्यावर न थांबणाऱ्या बापाबद्दल आणि त्याच्याहून पुढे जाऊ पाहणाऱ्या पोराबद्दल. आजारी म्हाताऱ्या माणसाजवळ एकटं बसायला लावलेल्या मुलाची भीती तर आपल्याकडे घराघरात आहे. ती बोलून दाखवायची चोरी असते. माया आहे आणि त्या खोलीत जायला पाय उचलत नाही, दोन्ही एकाच वेळी. भयकथा हे सहज बोलते म्हणून मला ती प्रिय आहे.

मतकरींच्या कथांना वय फार कमी लागलं. ते 2020 मध्ये गेले, पण त्यांच्या कितीतरी गूढकथा त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत आणि आजही थोड्याशा झाडझुडीनंतर वाचता येतात. त्यांचं भय वाड्यात किंवा स्मशानात फारसं जात नाही, ते नोकरदार माणसांच्या घरात, शेजारात, नात्यांत राहतं. मनातला मत्सर, लपवलेला अपराध, कुणाचं तरी वाईट व्हावं ही कबूल न केलेली इच्छा, अशा ठिकाणाहून कथा सुरू होते. ते स्वतः रंगमंचावरून कथा सांगत, त्यामुळे त्यांची वाक्यं तोंडात बसतात. तुम्हाला मोठ्याने वाचायचं आहे, तेव्हा हा फायदा मोठा आहे.

जुन्या मराठी भयकथांची एक बाजू मात्र मला सलते आणि ती तुमच्यापासून लपवणार नाही. आपल्या परंपरेतली भुतं पाहा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. ज्यांचं काही अपुरं राहिलं, ज्यांच्यावर मरणाने अन्याय केला, तीच माणसं मग आपल्याला घाबरवायला येतात. बाळंतिणीचं मरण ही त्या काळातली केवढी नेहमीची आणि केवढी मोठी आपत्ती होती, आणि तिच्यासाठी रडायचं सोडून आपण तिचे पाय उलटे केले. कित्येक जुन्या कथांत तरुण विधवा, मूल नसलेली बाई, एकटी राहणारी म्हातारी यांच्यावरच संशय येतो आणि कथा तो संशय खरा ठरवते. आजच्या मुली हे लगेच पकडतात, आणि त्यांनी पकडलं की ती कथा त्यांच्यासाठी मोडते. मोडू द्यावी.

याच विषयाची दुसरी बाजू दाखवायला मी महिला मंडळांत शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' वाचते. 1892 ची कथा, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्याही आधीची. नुकतंच मूल झालेली एक बाई, डॉक्टर नवरा, हवापालटासाठी घेतलेलं घर. तिने विश्रांती घ्यायची, लिहायचं नाही, कुणाशी फार बोलायचं नाही, वरच्या गजांच्या खिडक्यांच्या खोलीत पडून राहायचं, असा उपचार. त्या काळात डॉक्टर खरोखर हा उपचार सांगत आणि लेखिकेने तो स्वतः भोगला होता. पडून पडून त्या बाईला भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीआड एक बाई रांगताना दिसू लागते. इथे बाळंतीण भूत नाही, ती आपल्याशी बोलणारी माणूस आहे. भूत कुठेच नाही. वाचन संपल्यावर मंगळवार पेठेतल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्यात हिला बाहेरचं झालंय म्हणायचे आन् देवर्षाकडं न्यायचे." मग दोन तास बायका बोलत होत्या. त्या सव्वाशेहून जास्त वर्षं जुन्या अमेरिकन कथेतलं काहीही त्यांना जुनं वाटलं नव्हतं.

लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील, कारण खेळांतून आणि चित्रांतून तो त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो. विश्व अफाट आहे आणि त्याला आपली किंमत नाही, ही त्याची भीती आजही खरी वाटते. पण गोऱ्या नसलेल्या माणसांविषयीची किळस त्याच्या लेखनात जागोजाग आहे आणि ती किळसच कधी कधी भयाचं काम करते. आपण त्या वर्णनातल्याच माणसांत मोडतो. मोठ्या वयात, हे माहीत असताना वाचावा. शाळेत नको.

आता पालकांचा प्रश्न. तो झटकून टाकू नका, कोल्हापुरात तर मुळीच नाही. 2013 मध्ये दाभोलकर गेले, 2015 मध्ये पानसरे गेले. आपल्या तिकटीवर आजही अमावास्येला उतारा पडलेला असतो आणि शाळेत जाणारी मुलं तो ओलांडत नाहीत, वळसा घालतात. अशा गावात भयकथा वाचणाऱ्यावर जबाबदारी येते, असं मी मनापासून मानते. मी ती दोन गोष्टींत पाळते. "ही सत्य घटना आहे" असं कधीही म्हणत नाही आणि कुणी तसं सूचित केलं तर वाचनाआधी स्पष्ट सांगते, की ही कुणीतरी रचलेली गोष्ट आहे, हा तिचा लेखक, हे तिचं साल. आज मोबाइलवर फिरणाऱ्या भुताच्या चित्रफिती 'सत्य घटना' या पाच अक्षरांवरच जगतात. जुन्या लेखकांनी निदान आपलं नाव घालून, गोष्ट म्हणून गोष्ट दिली. आणि दुसरं, ज्या कथेत शेवटी कुणी बाबा किंवा मांत्रिक सगळं निस्तरतो, ती शाळेत वाचत नाही. भुतावर विश्वास बसण्यापेक्षा मांत्रिकावर विश्वास बसणं जास्त घातक आहे. अमुक बाई करणी करते असं ठरवून तिला छळणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे नववीच्या मुलांना सांगायला हडळीची एखादी जुनी कथा चांगला प्रसंग देते. त्या पालकांनाही वाचनाला बोलवा. विवेकवादी माणसं भयकथांचे फार उत्तम श्रोते असतात, हे मी पाहिलं आहे. एम. आर. जेम्सच्या 1904 च्या एका प्रसिद्ध कथेतला प्राध्यापक भुताखेतांची थट्टा करणाराच आहे. समुद्रकाठच्या जुन्या अवशेषांत त्याला शिट्टी सापडते, तो ती वाजवतो, आणि मग खोलीतल्या रिकाम्या दुसऱ्या पलंगावरची चादर हलू लागते. त्या चादरीची भीती वाटायला कशावरही श्रद्धा असावी लागत नाही.

जेम्सचं नाव निघालं म्हणून वाचण्याच्या पद्धतीबद्दल. हा केंब्रिजचा विद्वान, आपल्या गोष्टी नाताळात मित्रांना मेणबत्तीच्या उजेडात मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याची रचना कानासाठी आहे. तुम्ही एकट्याने, दिवसा, एकापाठोपाठ एक कथा वाचल्यात म्हणून त्या सपाट वाटल्या, असा माझा दाट संशय आहे. संग्रहातली दुसरी कथा सुरू होते तेव्हा पहिलीचा परिणाम पुसलेला असतो. एका बैठकीला एकच कथा ठेवा. पार्श्वसंगीत अजिबात नको, वाऱ्याचे आवाज नकोत, आवाज घोगरा करू नका. आपल्याकडे ऐकण्याची सवय चांगली आहे. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी मिरासदार-माडगूळकरांबरोबर गावोगाव साध्या आवाजात कथा सांगितल्या आणि माणसं तासन् तास बसली. भयकथेलाही तोच साधेपणा लागतो.

जुन्या मजकुरात काटछाट करायची तुमची तयारी हवी. 'भयानक', 'अमानुष', 'किळसवाणं', 'अघोरी' ही विशेषणं एका परिच्छेदात तीन-तीन आली की हमखास हशा पिकतो. निवेदक "माझ्या अंगाचा थरकाप उडाला" असं म्हणाला की ऐकणाऱ्याचा थरकाप तिथेच संपतो. पेन्सिल घेऊन बसा आणि अशी वाक्यं वाचताना गाळा. घटना गाळू नका, वस्तूंची नावं गाळू नका, कड्या-कोयंडे, खुर्ची, जिन्याची करकर हे सगळं राहू द्या. "फोन का नाही केला" हा प्रश्न येईलच. गगनबावड्याच्या घाटात किंवा दाजीपूरच्या जंगलात रेंज जाते तेव्हा काय होतं, एवढं विचारा. मुलं पुढचं स्वतःच सांगतात.

सुरुवात एडगर अॅलन पोच्या 'द टेल-टेल हार्ट'ने करा. 1843 ची आहे, पंधरा-वीस मिनिटांत वाचून होते आणि तिच्यात भूत नाही. एक माणूस आपण वेडे नाही हे पटवून देताना आपण खून कसा केला ते सांगतो, आणि पोलीस समोर बसलेले असताना त्याला फळ्यांखालून हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागतात. ते ठोके कुणाचे, यावर नववीची मुलं भांडतात. पुढच्या आठवड्यात 'मंकीज पॉ', मग मतकरी, शेवटी जेम्स. टागोरांची 1895 ची 'क्षुधित पाषाण' मला स्वतःला या सगळ्यांहून मोठी वाटते, पण तिची गती संथ आहे, शेवटही मुद्दाम अर्धा सोडलेला आहे. ती शिक्षकांच्या खोलीत वाचा, वर्गात नको.

परवानगीचं एक सांगून थांबते. धारप आणि मतकरी यांचं लेखन स्वामित्वहक्कात आहे. शाळेत फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे वाचायला अडचण नसते, पण ध्वनिमुद्रण करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर प्रकाशकांना किंवा वारसांना आधी लिहा. पो, स्टोकर, गिलमन, जेम्स आणि 1943 मध्ये गेलेला जेकब्स यांचं मूळ लेखन मात्र आपल्याकडे मुक्त झालेलं आहे, लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं उलटली आहेत. छापील मराठी अनुवादांवर अनुवादकाचा हक्क असू शकतो, म्हणून तुम्ही मुळावरून स्वतःच मराठी करा, आणि दहावीतल्या इंग्रजी बरं असणाऱ्या चार-पाच मुलांना सोबत घ्या. 'मंकीज पॉ'मधला कंपनीचा माणूस आपल्या भाषेत कसा बोलेल, हे त्यांनाच ठरवू द्या.